पाणी न जिरणारी जागा

रकाना १. अर्जदाराचं नाव

"नाव मागाहून लिही, आधी हे वाच!" थेक्ला युर्कोनं खिडकीच्या काचेखालून कागद असा सरकवला की माझी कॉफी हिंदकळली. "एकवीस! एकट्या आमच्या चर्चवरून म्हणे एकवीस घरांइतकं पाणी वाहतं. नोहाच्या वेळेला तरी एवढं वाहिलं होतं का?"

"मिसेस युर्को, हळू बोला. मागे लोक कुत्र्यांचं लायसन काढायला उभे आहेत."

"ऐकू दे की. उद्या कुत्र्यांवरही फी लावाल. तीही रस्त्यावर पाणी सोडतातच."

रांगेतले दोघं खो खो हसले. त्यांच्या हातातल्या साखळीचा कुत्रा उगाचच भुंकला. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि संध्याकाळी सात वाजता कौन्सिलचं मतदान होतं.

मी विल्मा सेडलाक. टॅनर्स रन गावच्या कचेरीत ह्याच खिडकीमागे सव्वीस वर्षं बसते. थेक्ला युर्को म्हणजे टेकडीवरच्या चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळी-जेवणाची सर्वेसर्वा. वय चौऱ्याहत्तर. रविवारच्या शाळेत तिनं मला शिकवलं आहे, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही माझ्या तोंडून 'मिसेस युर्को' हेच निघतं आणि पाठ आपोआप सरळ होते.

रकाना २. मालमत्तेचं वर्णन (थोडक्यात)

थोडक्यात जमणार नाही.

आमचा ओढा मेन स्ट्रीटच्या खालून विटांच्या बोगद्यातून जातो. बोगदा शंभर वर्षांचा आहे. तो बांधला तेव्हा टेकड्यांवर झाडी होती, आता छपरं आहेत आणि डांबर आहे. पाऊस पडला की जमिनीत काही जिरत नाही, सगळं खाली धावतं. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बोगदा तुंबला आणि ओढा वॉटर स्ट्रीटवर उसळून आला. पंधरा घरांतली चार गेली. त्या चारांत माझं एक. हल्ली मी हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते.

उरलेली अकरा घरं अजून तिथंच आहेत. त्यांत माणसं झोपतात. आकाश काळवंडलं की ते कचेरीत फोन करतात, आणि तो फोन मी उचलते.

म्हणून ही फी. ज्याच्या जागेत पाणी जिरत नाही असा भाग जेवढा मोठा, त्याची फी तेवढी मोठी. साधारण घराचं छप्पर आणि गाडीचा रस्ता मिळून चोवीसशे चौरस फूट धरायचे. ते झालं एक युनिट, महिना सहा डॉलर. टायरवाला, शाळा, दवाखाना, सगळ्यांना तोच नियम. चर्चला कर नसतो, पण हा कर नाही. पाऊस चर्चवरही पडतो. गावानं अशी फी सुरू केली तर नव्या बोगद्याचा निम्मा खर्च राज्य देणार होतं. मुदत ह्या महिन्याअखेरची, आणि त्याआधी कौन्सिलची बैठक एकच. आजची.

म्हणजे आज झालं तर झालं, नाहीतर अकरा घरं आणि पुढचा ऑगस्ट.

रकाना ३. तक्रारीचं कारण

"एकवीस युनिट, महिना एकशेसव्वीस डॉलर," थेक्ला म्हणाली. "चौदा डॉलरला एक, अशी वर्षाची एकशे आठ ताटं होतात गं! एकशे आठ जणांना हॅडक मासा, पिरोगीच्या करंज्या आणि कोबीची कोशिंबीर वाढायची ती तुमच्या गटारासाठी?"

"गटार नाही, बोगदा."

"आणि देवाच्या छपराला फी?"

"देवाच्या छपरावरचं पाणी माझ्या स्वयंपाकघरात आलं होतं, मिसेस युर्को."

तिनं कागदावर बोट आपटलं. "ते छप्पर समजू शकते मी. पण हे काय? 'वाहनतळ क्रमांक दोन, एकतीस हजार दोनशे चौरस फूट.' आमच्याकडे दुसरा वाहनतळ कुठाय? चर्चच्या मागे गवत आहे. नुसतं गवत!"

मी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात, झाडांना पानं फुटायच्या आधी, विमानातून सगळ्या गावाचे फोटो घेतले होते. त्यावरून दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या कंपनीच्या माणसांनी छपरं आणि डांबर आखून दिलं होतं. चर्चच्या मागच्या जागेला लाल रेघ होती. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

गाड्या. ओळीनं लावलेल्या, शंभराच्या वर गाड्या. लाल, निळ्या, पांढऱ्या. आणि गाड्यांच्या मधल्या फटींमधून हिरवं.

मी फोटोची तारीख पाहिली. शुक्रवार होता. ईस्टरच्या आधीचा, मटण वर्ज्य पण मासे चालतात असा उपासाचा शुक्रवार, वेळ दुपारी साडेचार. वर्षातल्या अशा सात शुक्रवारी अख्खा तालुका आमच्या टेकडीवर मासे खायला येतो आणि गवतावर गाड्या लावतो. दूरच्या शहरातल्या त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याला गाड्या दिसल्या, त्यानं डांबर आखलं.

आणि दोन वर्षं हा नकाशा उराशी धरून फिरणाऱ्या बाईला, म्हणजे मला, तरी कुठं दिसलं होतं?

"काय गं? पांढरी का पडलीस?"

"एक मिनिट थांबा," मी म्हणाले आणि काचेकडे पाठ करून हळूच फोन लावला.

रकाना ४. चूक कोणाच्या लक्षात आणून दिली? (दोन ओळींत)

डेल्बर्ट ऑस्टच्या. तो कौन्सिलचा अध्यक्ष, टायरच्या दुकानाचा मालक. मागे हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता, म्हणून तो ओरडत होता.

"किती जणांना माहितीये?"

"मला. आणि आता तुला."

"झकास. दोघंच राहू दे. उद्या दुरुस्त कर ना! त्यासाठीच तर अर्ज छापलाय."

"थेक्ला इथं उभी आहे, डेल्बर्ट."

"विल्मा, ऐक. आज एक चूक निघाली की हार्लन फिपेन म्हणणार सगळाच नकाशा खोटा. सातातली तीन मतं त्याच्याकडं आहेतच. चौथं सरकायला वेळ लागत नाही. फी फक्त एक रात्र चुकीची राहील. एक रात्र! तुला बोगदा हवाय की नकोय?"

मला बोगदा हवा होता. मला तो इतका हवा होता की त्याचा व्यास मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. मी फोन ठेवला. काचेपलीकडे थेक्ला नाकावरून चष्मा पुढे ओढून माझ्याकडे बघत होती. कॉम्प्युटरच्या पडद्याची पाठ तिच्याकडे होती. तिला काही दिसत नव्हतं.

दोन वर्षं मी दारोदार एकच सांगत आले होते. ज्याचं जेवढं, त्याचं तेवढं.

मी पडदा फिरवला.

"अगं, ही माझी व्हॅन!" थेक्ला काचेला नाक लावून किंचाळली. "आणि ही फादरची गाडी. कशी लावलीय बघ, दोघांची जागा खाऊन! दर शुक्रवारी सांगते त्यांना." मग तिचं बोट थांबलं. ती सावकाश मागे झाली. "म्हणजे तुमचा नकाशा खोटा आहे."

"एवढ्या जागी, हो."

"आणि आज रात्री मी उभं राहून ते सगळ्यांना सांगू शकते."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार आहे."

"बावळट आहेस," ती म्हणाली. "लहानपणीही होतीस. पाणी जिरो न जिरो, आज तुझी मात्र हे लोक जिरवणार." तिनं पर्स काखेत मारली. "चल. ते चाकाचं काय असतं ना तुमचं, ते घे. फोटोवर माझा विश्वास नाही. आपण मोजू."

रकाना ५. प्रत्यक्ष मोजणी

चाक म्हणजे लांब दांड्याला लावलेलं सायकलच्या चाकासारखं चाक. ढकलत चालायचं, प्रत्येक फुटाला टक् होतं आणि आकडा पुढे सरकतो. मी दांडा धरायला गेले तर थेक्लानं हातावर चापटी मारली.

"मी ढकलणार. नंतर म्हणशील, मिसेस युर्कोंनी आमच्यावर विश्वास ठेवला."

टक् टक् टक् टक्. डांबराची लांबी दीडशे. रुंदी ऐंशी. भिंतीच्या कडेनं एकशे वीस, आडवं साठ. ती चर्चच्या बायकांना हाका मारत होती, वाटेत येणाऱ्या कुंड्यांना शिव्या घालत होती. नैर्ऋत्य कोपऱ्यावर तिचा पाय पन्हाळीच्या नळात अडकला आणि ती सपशेल गुडघ्यावर आली. मी धावले.

"आकडा! आकडा बघ आधी, हलला का?"

"मिसेस युर्को, रक्त येतंय."

"आकडा बघ म्हणते ना!"

हलला नव्हता. मी पायरीवर बसून गुणाकार केला. छप्पर सात हजार दोनशे, डांबर बारा हजार, एकूण एकोणीस हजार दोनशे. चोवीसशेनं भागले.

"आठ," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बरोब्बर आठ. महिना अठ्ठेचाळीस."

तिनं रुमाल गुडघ्याला बांधला. "आठ म्हणजे आठ," ती म्हणाली. "तरी मी विरोधातच बोलणार हं. गैरसमज नको."

"नाहीच मुळी."

मी कचेरीत पळत आले. खरंच पळत, अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात चाक घेऊन. ते रस्त्याला टेकून टकटकत होतं आणि लोक दारात येऊन बघत होते. गावात दहा युनिटांच्या वर गेलेल्या मालमत्ता एक्केचाळीस. त्या दुपारी मी त्या एक्केचाळिसांचा प्रत्येक कोपरा फोटोत मोठा करून पाहिला. गवतावर कुठं गाड्या आहेत का, ताडपत्री आहे का, तंबू आहे का. पाच वाजता छत्तीस झाल्या. सव्वासहाला एक्केचाळीस. चूक एकच होती, चर्चची. मी यादी छापली, तोंडावर पाणी मारलं आणि बैठकीसाठी अग्निशमन दलाच्या फायर हॉलकडे निघाले.

रकाना ६. साक्षीदार

घडीच्या दोनशे खुर्च्या होत्या. कमी पडल्या. बोलायला माणशी तीन मिनिटं, आणि वेळ मोजायला ऑस्टच्या बायकोचं अंडी उकडायचं घड्याळ.

"माझं घर रस्त्यापासून तीनशे फूट आत आहे. आत राहणं हा गुन्हा झाला का?"

टर्रर्र.

"पाऊस पाडतो देव आणि बिल पाठवता तुम्ही!" टाळ्या.

टर्रर्र.

"मी टेकडीवर राहते. माझ्या घरात आजवर थेंबभर पाणी आलेलं नाही."

"येईल कसं, बाई? तुझं सगळं आमच्याकडे येतं!" हे मागून, वॉटर स्ट्रीटच्या खुर्च्यांवरून.

टर्रर्र.

मग मी उठले. "नकाशात एक चूक आहे," मी म्हणाले, आणि ऑस्टनं कपाळावर हात मारलेला मला दिसला. गाड्यांचं सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं. आधी हशा पिकला, आणि मग त्या हशाचा रंग बदलला. खुर्च्या सरकायला लागल्या. 'रद्द करा' कोणीतरी म्हणालं, आणि ते शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि मोठे होऊन परत आले.

कौन्सिलच्या टेबलामागून हार्लन फिपेन पुढे झुकला. "एक सापडली म्हणजे शंभर असतील. मी म्हणतो सहा महिने पुढे ढकला. पुन्हा मोजा, मग बघू."

"सहा महिन्यांनी राज्याचे पैसे नसतील," मी यादी वर धरली. "मोठ्या एक्केचाळीसही मालमत्ता मी आज तपासल्या. दुसरी चूक नाही."

"कोणी तपासल्या?"

"मी."

"तुझं घर गेलंय, विल्मा," तो म्हणाला. दुष्टपणानं नाही, आणि तेच वाईट होतं. "तू दुसरं काय सांगणार?"

मी यादी खाली घेतली.

"हार्लन, खाली बस."

"मी बसलेलोच आहे, मिसेस युर्को."

"मग आणखी खाली बस!" थेक्ला मधल्या वाटेनं लंगडत पुढे येत होती. रुमाल अजून गुडघ्यालाच होता. "मी ह्या फीच्या विरोधात आहे. सकाळी होते, आत्ता आहे, मरेपर्यंत राहीन. हे लिहून घ्या. पण आज ह्या बाईनं माझे एकविसाचे आठ केले. मी मागितले म्हणून नाही. मला कळलंही नव्हतं. पडदा तिच्याकडे होता. तिनं तो फिरवला." ती फिपेनकडे वळली. "स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणारं माणूस असं करतं का रे? तू केलं असतंस?"

फिपेननं टेबलावरचे कागद सारखे केले.

"चाक मी ढकललं. तिला हात लावू दिला नाही. ते आठ माझे आहेत, कोणाला गुडघा बघायचाय?" लोक हसले. "विरोधात मत द्यायचं तर द्या, मी टाळ्या वाजवीन. पण आज द्या. त्या खालच्या लोकांना सहा महिने टांगून ठेवू नका. आपली शिकवण ती नाही."

टर्रर्र.

"गप्प बस," ती घड्याळाला म्हणाली, आणि जाऊन खुर्चीवर बसली.

रकाना ७. निर्णय

हो. नाही. नाही. हो. फिपेन: नाही. हो.

तीन-तीन. ऑस्ट उरला. त्याच्या दुकानापुढच्या डांबराची सतरा युनिटं होतात. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण त्यानंच प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. तो अंड्यांच्या घड्याळाकडे बघत बसला. मी वॉटर स्ट्रीटच्या खुर्च्यांकडे बघितलं नाही. माझी छातीच होईना.

"सतरा," तो म्हणाला. "महिना एकशे दोन. बायको आज घरात घ्यायची नाही." मग म्हणाला, "हो."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. एक खुर्ची पडली. मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी वर फेकली, ती दिव्याच्या जाळीत अडकली. कोणीतरी मला उचललं, खरंच जमिनीवरून उचललं, आणि मी ओरडत होते, काय ओरडत होते कोण जाणे. दारात थेक्ला उभी होती.

"चुकलात तुम्ही लोक," ती म्हणाली. "माझ्या अर्जावर शिक्का कधी मिळेल?"

फक्त कार्यालयीन कामासाठी. अर्जदारानं इथे लिहू नये.

शनिवारी सकाळी शिक्का मारलेला अर्ज मी थेक्लाच्या घरी पोचता केला. नंतर पहिल्या बिलांची यादी तपासायला बसले. वॉटर स्ट्रीटचा तुकडा आजवर मी कधीच मोठा करून पाहिला नव्हता. आता पहावाच लागला. अकरा घरांवर अकरा लाल रेघा होत्या. आणि चौदा क्रमांकावरही एक.

भिंती आणि छप्पर गावानं उचलून नेलं होतं. काँक्रीटची फरशी तेवढी राहिली होती. तिच्यात पाणी जिरत नाही. अर्धं युनिट, महिना तीन डॉलर, नाव विल्मा सेडलाक.

मी चाक घेऊन खाली गेले. वाटेत टकटक ऐकून थेक्ला मागोमाग आली. कशाला आली ते मी विचारलं नाही.

"तोडून टाक की," फरशीकडे बघून ती म्हणाली. "फायर हॉलचे लोक एका दुपारी काढतील. गवत उगवलं की फी माफ."

"हो. खातं बंद होतं मग. चौदा नंबरच यादीतून जातो."

तिनं माझ्या हातातून दांडा घेतला. "तू माझं मोजू दिलंस. तुझं मी मोजते."

कडेला काटेरी झुडपं माजली होती, म्हणून मधूनच मोजावं लागलं. ती पुढच्या टोकाला उभी राहिली, आकडा शून्यावर आणला आणि निघाली. टक् टक् टक्. फरशी सपाट होती, पावसानं धुऊन गुळगुळीत झालेली. मधे काही म्हणजे काही नव्हतं.

मध्यावर ती थांबली. बैठकीची खोली तिथं संपायची; स्वयंपाकघराचं दार डावीकडे असायचं. तिनं डावीकडे पाहिलं, तीन-चार पावलं तिकडे सरकली, तिथून आत वळली, आणि स्वयंपाकघरातून पुन्हा सरळ रेषेवर येऊन चालत राहिली. टक् टक् टक् टक्, मागच्या टोकापर्यंत.

"एक्केचाळीस," तिनं ओरडून सांगितलं.

घर चौतीस फूट लांब होतं. तीन डॉलरच्या बिलाला त्यानं काही फरक पडत नव्हता. मी एक्केचाळीस लिहिले.